लाकूड वर, ओल खाली



मागच्या लेखात पायाबद्दल लिहिलं होतं. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो: "गावाकडच्या घरात खरंच लाकडी फ्लोअरिंग करणार आहेस का?" आज त्याचं उत्तर देते. पण त्याआधी मला पडलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते.

बालाघाट जिल्ह्याचा जवळजवळ निम्मा भाग जंगलाखाली आहे. साग आहे, साल आहे, बांबू तर विचारूच नका. आमच्या खैरलांजीतली जुनी घरं बघितली तर खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, दारं-चौकटी लाकडाच्या, माळ्याच्या फळ्यासुद्धा लाकडाच्या. मग जमीन तेवढी मातीची का? ज्यांच्या दाराशी साग होता, त्यांनी पायाखाली लाकूड का घातलं नाही? परवडत नव्हतं म्हणावं, तर माळवाडी-पाटलांच्या मोठ्या घरांतही खाली मातीच सारवलेली असायची. म्हणजे कारण पैशाचं नव्हतं. कारण जमिनीतच होतं, आणि ते कळलं की लाकडाखाली कुठले थर घालायचे याचं अर्धं उत्तर मिळतं.

ज्यांना खैरलांजी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसीलचं गाव, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आमच्याकडे सरकारी कागद हिंदीत आणि चुलीजवळच्या गप्पा आपल्या बोलीत. हवामान मात्र सीमा मानत नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर, पावसाळ्यात बांध्या तुडुंब, आणि पौषात पहाटे दहा अंशांच्या खाली. या तीन ऋतूंत जमीन तीन वेगवेगळ्या तऱ्हेने वागते.

आईचा हट्ट, बाबांची भीती

आमच्या नव्या घरात खालच्या मजल्यावर आई-बाबांची खोली आहे, दहा बाय बारा फुटांची. आईने आयुष्याची तीस वर्षं जुनं घर सारवण्यात घालवली. मग तिथे चकचकीत टाइल्स आल्या. सारवण सुटलं, पण पौषात त्या टाइल्सवर तिला पाय ठेववत नाही. टाचा भेगाळतात, गुडघे धरतात. सतरंजी अंथरली तर ती सरकते. मागच्या हिवाळ्यात त्या सतरंजीवरूनच ती घसरली आणि सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये होतं. तेव्हा नव्या घरात तिची मागणी एकच: "माझ्या खोलीत लाकूड घाला."

बाबांचं म्हणणं त्याच्या अगदी उलट. "लाकूड घालाल आणि दोन वर्षांत दीमक खाईल. मग ते उखडायला येशील का बंगलोरहून?"

दोघांचंही खरं आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिला नाही. साठी ओलांडलेली दोन माणसं रोज ज्या जमिनीवर चालणार, ती कोरडी, सपाट आणि न घसरणारी हवी. मी राहते बंगलोरला, काम व्हिडिओ कॉलवर बघते. जे थर एकदा काँक्रीटखाली गेले ते नंतर मला दिसणार नाहीत आणि दुरुस्तही करता येणार नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये आपण चूक सापडली की नवी आवृत्ती काढतो. जमिनीत ती सोय नाही.

कॅनडाहून आलेली यादी

माझा आतेभाऊ कॅनडात असतो. त्याने गेल्या वर्षी स्वतःच्या घरात लाकडी फ्लोअरिंग केलं, तेही बेसमेंटमध्ये. दादाने मला थरांची यादी पाठवली: काँक्रीट, त्यावर दोन इंच जाडीचं एक्सपीएस म्हणजे दाबून बनवलेल्या फोमचे टणक पत्रे, त्यावर प्लायवूडचे दोन थर, त्यावर लाकूड. वर लिहिलं होतं, "इन्सुलेशनमध्ये काटकसर करू नकोस."

त्याच्यासाठी हे शंभर टक्के बरोबर आहे. तिथे हिवाळ्यात बाहेर उणे वीस, आत अधिक एकवीस. घर तापवायला पैसे पडतात आणि ती ऊब थंड जमिनीत झिरपू द्यायची नसते. शिवाय थंडगार काँक्रीटला घरातली उबदार हवा लागली की पाणी सुटतं. ते टाळायला फोम लागतोच.

पण खैरलांजीत जमीन थंड आहे का? जमिनीत काही मीटर खाली गेलं की तापमान वर्षभर जवळपास स्थिर असतं आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असतं. आपल्या पट्ट्यात ते साधारण पंचवीस-सव्वीस अंश धरा. घराखालची माती इतकी खोल नसली तरी ती बाहेरच्या हवेसारखी पटकन तापत किंवा गारठत नाही. म्हणजे मे महिन्यात खोलीतली हवा छत्तीस-सदतीस अंशांवर असते तेव्हा पायाखालची जमीन तिच्यापेक्षा गार असते. उन्हाळ्यात दुपारी सगळं घर उघड्या फरशीवर आडवं होतं ते उगीच नाही. आणि जानेवारीत पहाटे खोलीतली हवा सोळा-सतरा अंशांवर येते तेव्हा तीच जमीन हवेपेक्षा उबदार असते.

मग टाइल्स गार का लागतात? कारण टाइल पायातली उष्णता भराभर ओढून घेते. लाकूड ती हळू घेते. दोन्हींचं तापमान एकच असलं तरी तळव्याला टाइल बर्फासारखी आणि लाकूड कोमट वाटतं. स्टीलचा पेला आणि लाकडी पोळपाट एकाच ओट्यावर रात्रभर ठेवा आणि सकाळी हात लावून बघा. आईची तक्रार जमिनीच्या तापमानाची नव्हतीच, ती वरच्या अर्ध्या इंचाची होती.

मी तिला सरळ विचारलं, "उन्हाळ्यात जमीन गार लागते ते नको का तुला?" ती म्हणाली, "ते तर हवंच. फक्त पौषात पाय ठेववत नाही."

झालं. दोन इंच फोम उष्णतेला जितका अडवतो तितकं अडवायला काँक्रीटचा दोन मीटरहून जाड थर लागेल. तो फोम आम्ही घातला असता तर उन्हाळ्यातला जमिनीचा गारवा गेला असता आणि हिवाळ्यातली थोडीशी ऊबही. म्हणून खाली फोम नाही, हे ठरलं. तेच पैसे आम्ही छतावर वळवले, कारण मे महिन्यात आपल्या घरात ऊन वरून येतं, खालून नाही. आरसीसी स्लॅबवर तोच फोम, त्यावर उताराचा कोबा आणि वर पांढऱ्या तुकड्यांची फरशी. दादाचे पत्रे वाया गेले नाहीत, फक्त त्यांचा मजला बदलला.

याला अपवाद आहेत. खोलीत दिवसरात्र एसी चालणार असेल, खोलीच्या खाली उघडं पार्किंग असेल, किंवा तुम्ही खरोखर थंड देशात राहत असाल, तर जमिनीखालच्या इन्सुलेशनचा हिशोब वेगळा येतो. आपण जिथे घर बांधतो तिथल्या जमिनीचा स्वभाव आधी विचारावा आणि मग यादी बघावी, एवढंच माझं म्हणणं.

खरी भांडखोर म्हणजे ओल

आता मघाच्या प्रश्नाकडे. जंगलात राहणाऱ्यांनी जमिनीवर लाकूड घातलं नाही, कारण आमच्याकडे जमीन पावसाळ्याचे चार महिने खालून ओल सोडते. माती-शेणाची जमीन ती ओल शोषते आणि हवेत सोडून देते. खराब झाली तर पुन्हा सारवता येते. लाकडाला हे जमत नाही. म्हणून त्यांनी लाकूड वर नेलं. वाड्यांतला कडीपाट आठवा: खाली लाकडी कड्या, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. वरच्या मजल्यावर चालणाऱ्यांच्या पायाला लागायची ती मातीच. तो थर उष्णता अडवायचा आणि पावलांचा आवाजही. थरांची विद्या आपल्याकडे होतीच, फक्त लाकडाची जागा ठरलेली होती.

लाकूड कापल्यावरही हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेत आर्द्रता तीस टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण सहा टक्के पाणी उरतं. आर्द्रता ऐंशी टक्क्यांवर गेली की ते सोळा टक्क्यांच्या आसपास जातं. मी एक स्वस्तातला आर्द्रतामापक आईच्या खोलीत ठेवला आहे. एप्रिलच्या दुपारी तो पंचवीसच्या खाली होता, श्रावणात पंच्याऐंशीच्या वर. म्हणजे आमच्या खोलीत हा पूर्ण झोका दरवर्षी होणार.

याचा परिणाम किती? साग हे त्यातल्या त्यात शहाणं लाकूड, कमी हलणारं. तरीही आडव्या कापाच्या सागाच्या फळीत पाणी एक टक्क्याने वाढलं की तिची रुंदी साधारण ०.२ टक्क्याने वाढते. दहा टक्क्यांचा झोका म्हणजे २ टक्के. १०० मि.मी. रुंदीच्या एका फळीत २ मि.मी. दहा फूट रुंद खोलीत अशा तीस फळ्या बसतात. तीस दुणे साठ, म्हणजे ६ सें.मी.! इतकी जागा कोण देणार? मग फळ्या एकमेकींना ढकलतात, मधून उचलल्या जातात, आणि उन्हाळ्यात त्यांच्यातल्या फटींत दहाच्या नोटा उभ्या राहतात.

म्हणून भरीव सागाच्या फळ्यांचा विचार आम्ही सोडला आणि इंजिनीअर्ड वूड घेतलं. त्यात वर खऱ्या सागाचा पातळ थर असतो आणि खाली एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले लाकडाचे थर. एक थर फुगायला निघाला की दुसरा त्याला धरून ठेवतो. लॅमिनेट स्वस्त पडतं, पण त्याचा गाभा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या पाटीचा असतो आणि पाणी शिरलं की ती फुगते ती फुगतेच. वरच्या कोरड्या मजल्यावर लॅमिनेट जरूर घाला. तळमजल्यावर, आमच्यासारख्या गावात, मी घालणार नाही.

खालून वर: थर कसे लावले

आता मुख्य काम. खालून वर जाऊ या.

सगळ्यात आधी जोत्याची उंची. अंगणापासून आम्ही अडीच फूट ठेवली. आजूबाजूला बांध्या असल्या की पावसाळ्यात पाणी वर येतं आणि कुठलीही पन्नी उंचीची जागा घेऊ शकत नाही.

जोत्याच्या आतली काळी माती काढून टाकली. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. तिच्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसून.

मग वाळवीचं औषध. यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याच्या दुसऱ्या भागात बांधकामाआधीची फवारणी दिलेली आहे: जोत्यातल्या दाबलेल्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर, म्हणजे ५५ लिटरच्या वर. हे मुद्दाम सांगते, कारण पाठीवरच्या पंपाने वरवर फुसफुस करून "झालं औषध" म्हणणारे बरेच भेटतात. भिंतीच्या कडेने तर जास्तच लागतं, कारण वाळवी फटीतून आणि भिंत-जमिनीच्या सांध्यातून वर चढते. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर फवारणी करणाऱ्याला ते आधी सांगा. ते औषध पाण्यात जाता कामा नये.

त्यावर दगडांचं सोलिंग, त्याच्या फटी भरायला मुरूम, आणि वर दोन इंच रेती. ही रेती विसरू नका. दगडाची टोकं पुढच्या थराला भोसकतात.

पुढचा थर म्हणजे पन्नी. २५० मायक्रॉन जाडीची, बाजारात तिलाच हजार गेजची म्हणतात. सगळ्या जमिनीत सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि सर्वांत जास्त हेळसांडही हिचीच. दोन पट्टे एकमेकांवर निदान सहा-आठ इंच चढवायचे, सांधा टेपने बंद करायचा आणि कडा भिंतीवर दुमडून जोत्याच्या डीपीसीला भिडवायच्या. डीपीसी म्हणजे भिंतीतून ओल वर चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर घातलेला काँक्रीटचा जलरोधक थर. जमिनीची पन्नी आणि भिंतीचा डीपीसी यांच्यात बोटभर फट राहिली तरी ओल तिथूनच येणार.

आमच्या मिस्त्रीभाऊंनी पन्नी अंथरली आणि हातातली सळई घेऊन तिला भोकं पाडायला निघाले. मी व्हिडिओ कॉलवर ओरडलेच. ते शांतपणे म्हणाले, "ताई, काँक्रीटचं पाणी खाली जाईल कसं मग?" त्यांचा प्रश्न वेडगळ नव्हता. काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी खरंच कुठेतरी जायला हवं. पण ज्या भोकातून ते खाली जाईल, त्याच भोकातून पुढची पन्नास वर्षं ओल वर येईल. आम्ही काँक्रीटमध्ये पाणी कमी घालायचं ठरवलं आणि भोकं टळली.

पन्नीवर ४ इंच पीसीसी आणि त्यावर २ इंचाचा कोबा. कोबा सपाट हवा. दोन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तर खाली ३ मि.मी.पेक्षा जास्त फट दिसू नये. खालचे खड्डे वरच्या मऊ थराने भरून निघतील असं समजू नका. तिथे फळी दबते, सांधा हलतो, कुरकुरतो आणि एक दिवस तुटतो.

कोब्यावर, लाकूड घालायच्या दिवशी, दुसरी पन्नी, २०० मायक्रॉनची. ती काँक्रीटमधली उरलीसुरली ओल अडवायला. तिच्यावर २ ते ३ मि.मी.चा दाट फोम, ज्याला दुकानात अंडरले म्हणतात. हा फोम उष्णतेसाठी नाही. बारीक खडबडीतपणा झाकायला आणि पावलांचा ठकठक आवाज मारायला आहे. "दोन थर घाला, जास्त मऊ लागेल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मऊ लागेल आणि सांधे तुटतील. सगळ्यात वर इंजिनीअर्ड वूड, चारही भिंतींपासून १० मि.मी. सोडून. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि लाकडाला फुगायला तेवढी मोकळीक मिळते.

बॅटन आणि प्लाय का नाही?

जुन्या बंगल्यांत किंवा बॅडमिंटन हॉलमध्ये लाकडी पट्ट्या ठोकून, त्यावर प्लाय आणि त्यावर फळ्या घालतात. चालताना छान स्प्रिंगसारखं लागतं. आमच्या सुतारकाकांनीही तेच सुचवलं. मी दोन कारणांनी नाही म्हटलं. एक, त्या पट्ट्यांमध्ये दीड-दोन इंचांची अंधारी पोकळी राहते. खैरलांजीत ती रिकामी राहणार नाही. वाळवी, उंदीर, विंचू, सगळ्यांची सोय होईल आणि आपल्याला वरून काही दिसणार नाही. दुसरं म्हणजे उंची. पट्टी, प्लाय आणि फळी मिळून जमीन अडीच-तीन इंच वर जाते. मग शेजारच्या खोलीतून येताना पायरी. आईला घसरण्यापासून वाचवायला लाकूड घालायचं आणि ठेच लागायला उंबरठा द्यायचा, हे काही पटेना.

तरी कुणी प्लायचा थर घालणारच असेल, तर निदान आयएस ७१०चा शिक्का बघून मरीन प्लाय घ्या. साधा प्लाय ओलीत सुटतो.

उंचीचा हिशोब कोब्याआधी करायचा असतो. आमच्या हॉलमध्ये कोटा फरशी आहे, तिची जाडी आणि खालचा मसाला मिळून दोन इंच. आईच्या खोलीत लाकूड आणि फोम मिळून पाऊण इंचाच्या आत. दोन्हीकडे वरची पातळी एक यावी म्हणून आईच्या खोलीचा कोबा सव्वा इंच उंच घेतला. मिस्त्रींना प्रत्येक खोलीची "तयार पातळी" दाराच्या चौकटीवर पेन्सिलने आखून दिली. हे एक काम घरमालकाने स्वतः करावं.

मुहूर्त आणि काँक्रीट

वास्तुशांत अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ठरली होती. पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती. बाबांची साहजिक इच्छा, की सगळं तयार घर लोकांनी बघावं.

पण काँक्रीट कडक झालं म्हणजे कोरडं झालं असं नाही. ढोबळ हिशोब असा, की एक इंच जाडी सुकायला साधारण एक महिना लागतो. आमचं पीसीसी आणि कोबा मिळून सहा इंच, शिवाय खाली पन्नी, म्हणजे सगळं पाणी वरूनच बाहेर पडणार. जानेवारीत ओतलेलं पीसीसी आणि मार्चमधला कोबा एप्रिल अखेरीस कोरडा होणं शक्य नव्हतं.

हे वादाने नाही, तपासणीने सिद्ध करता येतं आणि तिला खर्च नाही. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी टेपने कोब्यावर चिकटवा. संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवशी दुपारी काढा. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर जमीन अजून ओली आहे. एकाच जागी नको, निदान तीन ठिकाणी करा: खोलीच्या मध्यावर, बाहेरच्या भिंतीजवळ आणि बाथरूमच्या भिंतीजवळ. बाबांनी स्वतः तिन्ही तुकडे लावले. दुसऱ्या दिवशी तिन्हींच्या आतून पाणी ओघळत होतं. ते बघून बाबाच म्हणाले, "राहू दे. लाकूड नंतर." या तपासणीत कोरडं दिसलं तरी ते पूर्ण प्रमाणपत्र नव्हे. लाकडाची कंपनी काँक्रीटला छिद्र पाडून आतली आर्द्रता मोजून देत असेल तर ती मोजून घ्याच. पण थेंब दिसले तर पुढे जायचंच नाही, एवढं ती स्पष्ट सांगते.

वास्तुशांत ठरलेल्या दिवशी झाली, आईच्या खोलीत उघड्या कोब्यावरच. दोन-तीन काकूंनी विचारलं, "इथली फरशी राहिली का?" आई म्हणाली, "वाळते आहे." कुणाचंही जेवण त्यावाचून अडलं नाही.

लाकूड आता दिवाळीनंतर. त्यालाही कारण आहे. भर उन्हाळ्यात लाकूड अगदी आक्रसलेलं असताना घातलं, तर पावसाळ्यात ते फुगून उचललं जातं. पावसाळ्यात फुगलेलं घातलं, तर उन्हाळ्यात फटी पडतात. कार्तिक-मार्गशीर्षात हवा मधली असते, म्हणून लाकूडही मधल्या स्थितीत असतं. तेव्हा खोके आणून ते खोलीतच तीन-चार दिवस ठेवायचे, आणि घालण्याआधी प्लास्टिकची तपासणी पुन्हा एकदा.

बाबांच्या दीमकेच्या भीतीवर मी "काही होणार नाही" असं वचन दिलेलं नाही. औषधाची मुदत असते. पुढे कधी गरज पडली तर भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर छिद्रं पाडून पुन्हा औषध भरता येतं. त्यात लाकूड आड येऊ नये म्हणून स्कर्टिंग चिकटवायचं नाही, स्क्रूने लावायचं. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, ते काढून बघायचं. हे काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं आहे.

तुम्हीही दूर राहून गावी आई-वडिलांसाठी घर बांधत असाल, तर फळीचा रंग शेवटी निवडा. आधी जोत्याची उंची, वाळवीचं औषध, पन्नीचे सांधे आणि तयार पातळी, या चार गोष्टींचे फोटो काँक्रीट पडण्याआधी मागवा. ते फोटो जपून ठेवा. पुढे कधी जमीन उघडायची वेळ आली तर खाली काय आहे ते त्यांतूनच कळेल.

पुढच्या लेखात बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगबद्दल. तिथल्या भिंतीपलीकडेच आईची खोली आहे, त्यामुळे तो विषय टाळून चालणारच नाही.

तोवर, नमस्कार!